आत्याचे नऊ व्होल्ट

आमच्या घरात ‘मी बघतो’ असं म्हणायला मला बंदी आहे. बंदी बाबांनी घातली आहे आणि तिच्यामागे सबळ पुरावे आहेत. एक मिक्सर, एक इस्त्री आणि दारावरची बेल. ही बेल मी दुरुस्त केली तेव्हापासून ती बटण दाबल्यावर वाजत नाही, सोडल्यावर वाजते. त्यामुळे आलेला माणूस बटण दाबून उभाच राहतो आणि कंटाळून हात काढला की आम्ही दार उघडतो. मला विचाराल तर यात माणसाची चिकाटी कळते. बाबांना तसं वाटत नाही.

तरीही मंगळवारी संध्याकाळी माझ्या तोंडून ते शब्द गेलेच.

झालं असं की आत्याला फोन आला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. तिने बावीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. मग शाळेने संगीताचा तास काढून तिथे कॉम्प्युटरचा तास घातला आणि आत्या घरी बसली. दोन वर्षं झाली. घरी बसून ती मटार सोलते. मटार नसले तर सोलण्यासारखं दुसरं काहीतरी शोधते. आम्ही गमतीने बोलतो खरं, पण तिच्याकडे नीट बघितलं की गंमत वाटत नाही.

फोन एका पाळणाघरातून होता. रोज सकाळी दोन तास पोरांना गाणी शिकवायला कुणीतरी हवंय, शनिवारी दहाला या, पोरांसमोर वाजवून दाखवा, वाद्य आपलं आपण आणा. आत्या ‘हो हो, जरूर’ म्हणाली, फोन ठेवला आणि अर्धी सोललेली शेंग तशीच ताटात टाकून उठली. तिने शेंग अर्धी टाकलेली मी पहिल्यांदाच बघितली.

कीबोर्ड कपाटावर होता. वाजवायचा कीबोर्ड, टाइप करायचा नव्हे. मी स्टुलावर चढून खाली काढला. मागच्या बाजूला एक गोल भोक होतं, अडॅप्टर लावायचं. भोक होतं. अडॅप्टर नव्हता.

“मी बघतो,” मी म्हणालो.

बाबांनी पेपर खाली केला. “काय बघतोस?”

“अडॅप्टर. त्यात काय एवढं? व्होल्ट बघायचे, अँपिअर बघायचे, तसा आणायचा.”

“आणि ते कुठे बघायचं?”

“कीबोर्डच्या खाली कंपनीचा कागद चिकटवलेला असतो बाबा, त्यावर सगळं लिहिलेलं असतं,” असं म्हणून मी रुबाबात कीबोर्ड उलटा केला. पोट एकदम चकचकीत. कागद नाही.

“आत्या, इथे कागद होता ना?”

“होता की. मळकट झाला होता. स्पिरिट लावून घासून काढला.”

“कधी?”

“आत्ता. तू स्टूल ठेवायला गेलास तेव्हा.”

बाबांनी पेपर परत वर केला. पेपरमागून हसण्याचा आवाज येत नव्हता, पण पेपर हलत होता.

मी इलेक्ट्रॉनिक्स कुठे रीतसर शिकलेलो नाही. व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओत शिकवणारा माणूस प्रेमाने शिकवतो, फक्त त्याच्या टेबलावरच्या वस्तूला सगळे कागद जागच्या जागी चिकटलेले असतात.

बुधवारी सकाळी मी घरातला अडॅप्टरांचा डबा काढला. घरात एखादी वस्तू मेली तरी तिचा अडॅप्टर मरत नाही, तो डब्यात जातो. आमच्या डब्यात चौदा होते. चौदातला एक तरी लागेल असं कुणालाही वाटेल. पण ज्याला असं वाटेल त्याने आमचे बाबा बघितलेले नाहीत.

बाबा विम्याच्या ऑफिसात रेकॉर्ड विभागात आहेत. कुठलीही वस्तू उघडी दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी चौदाच्या चौदा अडॅप्टरांना काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. नुसती वायरीला नाही, डोक्यापासून पायापर्यंत, मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात तशी. व्होल्ट, अँपिअर, कंपनी, सगळं पट्टीखाली. आणि वर पांढऱ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या नोंदी: ‘चांगला’. ‘बरा’. ‘बरा, पण तापतो’. ‘साडूंचा, विचारल्यास देणे’. एकावर नुसतंच ‘हा नव्हे’.

“बाबा, हे काय?”

“सुरक्षितता.”

“अहो पण ‘हा नव्हे’ म्हणजे कुठला नव्हे?”

“त्या वेळी जो शोधत होतो तो.”

मी पट्टी सोलायला बसलो. दहा वर्षांत तिचा डिंक वितळून पक्का झाला होता. पट्टी निघायची ती कागद घेऊनच निघायची. आत्या शेजारी बसून मदत करू लागली. सोलण्याचं काम म्हटल्यावर तिचा हात चांगला चालतो, पण सगळं करून हाती आलं काय तर एकावर ‘आऊटपुट’ हा शब्द आणि दुसऱ्यावर ‘घरातच वापरा’ अशी सूचना.

तेवढ्यात वीजकाका आले. वरच्या मजल्यावर राहतात. वीज कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. बिलं छापायच्या विभागात, पण हे त्यांच्याकडून कधी कळत नाही. त्यांच्या बोलण्यावरून वाटतं की शहरातली वीज त्यांनी खांद्यावरून वाहून आणली.

“व्होल्टचं सोड रे,” ते खुर्ची ओढून म्हणाले. “व्होल्ट म्हणजे नुसती धमकी. अँपिअर म्हणजे प्रत्यक्ष मारहाण. अँपिअर जास्त झाले की वस्तू खलास.”

“काका, मी बघितलंय, अँपिअर जास्त असले तर चालतात. वस्तू हवे तेवढेच घेते.”

“कुठे बघितलंस?”

“व्हिडिओत.”

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी काकांकडे बघितलं. दोघांच्या नजरेत एका पिढीचं दुःख होतं.

“हे बघ,” काका म्हणाले, “कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सरळ, कायदेशीर मार्ग.”

गुरुवारी गेलो. त्याआधी फोनवर त्यांनी मॉडेल नंबर मागितला, तो कागदाबरोबर स्पिरिटमध्ये गेला होता. मग म्हणाले, उपकरण घेऊनच या. चादरीत गुंडाळलेला चार फुटी कीबोर्ड मांडीवर आडवा घेऊन मी बसमध्ये बसलो. शेजारच्या बाईंनी चादरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तिथूनही मागे वळून बघत होत्या.

सेंटरमध्ये दोन खिडक्या. मी विक्रीच्या खिडकीवर गेलो.

“चालू करून दाखवा,” आतली मुलगी म्हणाली.

“अडॅप्टर नाही म्हणून तर आलोय.”

“उपकरण चालू स्थितीत आहे याची खात्री झाल्याशिवाय सुटा भाग देता येत नाही. या फॉर्मवर सही लागते. नाहीतर दुरुस्तीच्या खिडकीवर जा.”

दुरुस्तीच्या खिडकीवर एक गंभीर गृहस्थ. “काय बिघडलंय?”

“काही नाही.”

“मग इथे कशाला आलात?”

“अडॅप्टर नाही.”

“ती विक्रीची खिडकी.”

मी दोन खिडक्यांच्या मधे किती फेऱ्या मारल्या हे सांगत नाही. शेवटी विक्रीवाल्या मुलीलाच माझी दया आली. म्हणाली, “सर, अर्ज देऊन ठेवा. पंधरा दिवसांत कळवतात.” शनिवार दोन दिवसांवर होता.

बाकावर बसलो. कीबोर्ड मांडीवर उलटा. चाळा म्हणून खालचं सेलचं झाकण उघडलं. सेल कधीचेच फुटून वाहिले होते, स्प्रिंगांना हिरवी-पांढरी बुरशी धरली होती. तिथे नवीन सेल घालून उपयोग नव्हता. पण खाचा होत्या. मी मोजल्या. सहा.

सहा खाचा. एक मोठा सेल दीड व्होल्टचा. सहा गुणिले दीड.

“नऊ!” मी ओरडलो.

“नऊ नंबर येऊन गेला,” रखवालदार म्हणाला. “आता बावीस चालू आहे.”

मी त्याला मिठी मारायचा बाकी होतो. कागद घासता येतो, खाचा कोण घासणार? मी परतीच्या बसमध्ये इतक्या ताठ मानेने बसलो की कंडक्टरने मला ‘साहेब’ म्हटलं.

घरी आल्यावर लक्षात आलं की नऊ व्होल्टचा एक अडॅप्टर घरात आहे आणि त्याला बाबांची पट्टी लागलेली नाही, कारण तो रोजच्या वापरात आहे. इंटरनेटच्या डब्याचा. त्यावर छान स्पष्ट लिहिलेलं: नऊ व्होल्ट, शून्य पॉइंट सहा अँपिअर. पिनही भोकात घट्ट बसत होती.

“शून्य पॉइंट सहा,” वीजकाका समाधानाने म्हणाले. “मारहाण कमी. लाव.”

इंटरनेट गेलं. आतून आई ओरडली, तिची मालिका ऐन भांडणात थांबली होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही. आत्या खुर्ची ओढून कीबोर्डसमोर बसली. बोटं पट्ट्यांवर ठेवली. दोन वर्षांनी. मी बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. काही नाही. दिवा नाही, खुट्ट नाही. आणि मग जळका वास आला.

घरात सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. तो क्षण मी विसरणार नाही. मी पिन उपटली, कीबोर्ड हुंगला, अडॅप्टर हुंगला, स्वतःचे हात हुंगले. शेवटी आई किंचाळली, “अगं बाई, दूध!” दूध उतू जाऊन करपलं होतं. मला इतका आनंद झाला की मी हसलो, आणि करपल्या दुधाला हसणाऱ्या माणसाला घरात जे मिळतं ते मला मिळालं.

पण कीबोर्ड मेलेलाच होता.

आत्याने पट्ट्यांवरून हात उचलले. “राहू दे रे,” ती म्हणाली. “माझा नाहीतरी हात राहिलेला नाही. मी उद्या फोन करून नाही म्हणून सांगते त्यांना.” आणि ओट्याकडे गेली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने शांतपणे करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

बाबांनी पेपर वर केला. या वेळी तो हलत नव्हता.

“आत्या,” मी म्हणालो, “उद्या दुपारपर्यंत फोन करू नकोस.”

“का?”

ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी गिळले. “सहज,” म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मी परत चादर गुंडाळली आणि बाजारामागच्या गल्लीत गेलो. तिथे एका जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान आहे. आत जुने रेडिओ, टेप, पंखे छतापर्यंत रचलेले आणि त्या सगळ्यात एक बाई बसतात, कपाळावर भिंग चढवून. सगळे त्यांना रेडिओबाई म्हणतात. मी अनेक वर्षं त्या दुकानावरून जातो आणि कधी आत गेलो नाही. कारण मला स्वतःला सगळं येतं.

“काय केलंस?” त्यांनी चादर उघडण्याआधीच विचारलं.

मी सगळं सांगितलं. अगदी दुधासकट. त्या हसल्या नाहीत. कीबोर्ड उभा करून त्यांनी भिंग खाली ओढलं आणि भोकाजवळ बोट ठेवलं. “हे काय आहे?”

भोकाशेजारी प्लास्टिकमध्येच कोरलेलं एक बारीक चित्र होतं. एक टिंब, त्याभोवती अर्धगोल, दोन्हींना रेघा, एका टोकाला अधिक आणि एका टोकाला उणे. टिंबाकडून निघालेली रेघ उण्याला जात होती.

“ते मी बघितलं होतं,” मी म्हणालो. “मला वाटलं कंपनीची नक्षी आहे.”

“नक्षी! अरे, हा पत्ता आहे. पिनेच्या मधल्या टोकाला उणे पाहिजे आणि बाहेरून अधिक. तुझ्या इंटरनेटच्या अडॅप्टरला मधे अधिक असतं. बहुतेकांना तसंच असतं. तू वीज उलटी घातलीस.”

मी कीबोर्ड परत एकदा हुंगला. “मग जळला?”

त्या स्क्रू काढू लागल्या. अकरा स्क्रू. प्रत्येक स्क्रूगणिक मला आत्या पातेलं घासताना दिसत होती. शेवटी पाठ निघाली. त्यांनी आतल्या हिरव्या पाटीवर मीटरच्या दोन सुया टेकवल्या, उलट्या करून परत टेकवल्या.

“हा दिसतो काळा दाणा? हे एका दिशेचं फाटक आहे. सुलट आलेल्याला आत सोडतं, उलट आलेल्याला बाहेरच उभं करतं. याने तुझं काही आत जाऊच दिलं नाही.” त्यांनी भिंग वर केलं. “म्हणजे हे बनवलं तेव्हा कुणीतरी विचार करून ठेवला होता की पुढे कधीतरी तू येणार.”

इतकी दूरदृष्टी माझ्याबद्दल आजवर कुणी दाखवली नव्हती.

मग त्यांनी टेबलावरचा एक जाड डबा चालू केला. त्याला आकडे दाखवणारी खिडकी होती. बटण फिरवून नऊवर आणलं, दोन चिमटे सुलट लावले आणि म्हणाल्या, “दाब.”

मी दाबलं. लाल दिवा लागला.

मी खोटं सांगत नाही, मी त्याला नमस्कार केला. एवढासा दिवा.

“आता आवाज पूर्ण कर आणि जमतील तेवढ्या पट्ट्या एकदम दाब.”

“कशाला?”

“सगळ्यात जास्त खातो तेव्हा किती खातो ते बघायला. गप्प बसून खाणारा माणूस आणि लग्नाच्या पंगतीत खाणारा माणूस, फरक असतो की नाही?”

मी दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांवर टाकले. जो आवाज निघाला त्याने समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. खिडकीत आकडा चढला: शून्य पॉइंट आठ.

“बघ. याला लागतात पॉइंट आठ, तू देत होतास पॉइंट सहा. उलटा नसता घातलास तरी अडॅप्टर तापला असता, आवाज घुसमटला असता. व्होल्ट मात्र बरोबर धरलेस. खाचा मोजल्यास ना? चांगलं डोकं आहे. वापरायच्या आधी जरा थांबवत जा, बस.”

हे कौतुक होतं की नाही यावर मी अजून विचार करतोय. त्या वेळी मी फोन काढून घरी लावला. आत्याने उचलला. मी काही न बोलता फोन कीबोर्डजवळ धरला आणि एका बोटाने एक पट्टी दाबली. मग दुसरी. मग तिसरी.

मग आत्याचा आवाज आला, शाळेतला, बावीस वर्षांचा:

“मनगट वर घे. आणि सूर वरच्या पट्टीत लावून ठेवलाय कुणीतरी, तो आधी खाली आण.”

मी रेडिओबाईंना म्हणालो, “चालू झाला.” मला कीबोर्डच म्हणायचं होतं का, कुणास ठाऊक.

त्यांनी एक नऊ व्होल्ट, दोन अँपिअरचा अडॅप्टर काढला. त्यालाही मधे अधिकच होतं. त्यांनी वायर कापली, दोन टोकं माझ्यासमोर ठेवली आणि डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरम कांडी माझ्या हातात दिली. “अदलाबदल कर. तूच कर. मग जन्मात विसरणार नाहीस.” मी डाग दिले. त्यातला एक गारगोटीएवढा झाला. त्यांनी बघितला, मीटर लावला, मधे उणे आलं, आणि म्हणाल्या, “रूप नाही, पण काम करेल.”

घरी वीजकाका वाट बघत होतेच. “दोन अँपिअर?” ते उभे राहिले. “याला लागतात शून्य पॉइंट आठ आणि तू दोन सोडणार? वाजवताना बाई उडतील!”

“काका, तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. तुम्ही तांब्याभर पाणी प्यायला नळ सोडलात की हजार लिटर अंगावर येतं का?”

काका थांबले. “दाब असेल तर येईल.”

“दाब म्हणजे व्होल्ट. तो नऊच आहे. टाकी मोठी आहे, एवढंच.”

काकांनी विचार केला. माझ्या आयुष्यात काकांनी विचार केलेला मी प्रथमच बघितला. “तेच तर मी सांगत होतो बुधवारपासून,” ते म्हणाले आणि रबरी चपला घालून दाराच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

अडॅप्टर लावला. दिवा लागला. आत्याने वाजवायला सुरुवात केली. पहिल्या तासात ती सतरा वेळा अडखळली, बाबांनी मोजलं. दुसऱ्या तासात बाबांनी मोजायचं सोडून दिलं. मटार आईने सोलले.

शनिवारी दहाला आम्ही पाळणाघरात. लांबट खोली, भिंतीवर हातांचे रंगीत ठसे, सतरंजीवर पंचवीस-तीस पोरं. त्यातली निम्मी एकमेकांवर बसलेली. मुख्य बाई दारात वही घेऊन उभ्या. आत्याने हात पदराआड घेतले.

मी प्लग लावला. दिवा लागला. गेला. लागला. गेला.

अडॅप्टर बरोबर होता. भिंतीवरचं सॉकेट सैल होतं. प्लग स्वतःच्या वजनाने हळूहळू बाहेर येत होता. मी तो आत ढकलून धरला, दिवा लागला. सोडला, गेला. दुसरं सॉकेट खोलीत नव्हतं. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो, दोन्ही हातांनी प्लग दाबून धरला आणि मान हलवली. कर सुरू.

आत्याने सुरुवात केली. पहिली ओळ डगमगली. दुसऱ्या ओळीला एक पोरगी उठली, सरळ आली आणि तिने कीबोर्डवरचं सगळ्यात मोठं बटण दाबलं. एकदम ढोल, झांजा, अख्खा बँड सुरू झाला. मुख्य बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. माझे हात घामाने सुटायला लागले.

पण आत्या थांबली नाही. तिने क्षणभर बँडचा ठेका ऐकला, मान डोलावली आणि तेच गाणं त्या ठेक्यात उचललं, दुप्पट वेगाने. पोरं उठली. एकमेकांवर बसलेली सुटी झाली. आत्या वाजवता वाजवता ओरडली, “जो बसेल त्याचंच नाव गाण्यात येईल!” आणि तीस पोरं धपकन खाली बसली. ती एकेकाचं नाव विचारत गाण्यात गुंफत गेली. बावीस वर्षांनी शाळेने नेमकं काय बंद केलं होतं ते मला त्या दिवशी कळलं.

माझ्याजवळचं एक पोरगं मात्र माझ्याकडेच बघत होतं. “हा दादा काय करतोय?”

“तो माझा वीजवाला आहे,” आत्या सूर न सोडता म्हणाली. “तो वीज धरून बसलाय. त्याने सोडली की गाणं थांबेल.”

तीस पोरांनी माझ्याकडे इतक्या आदराने बघितलं की मी पाठ ताठ केली. दंड भरून आले होते.

गाणं संपलं. मुख्य बाईंनी वही मिटली. “सोमवारपासून येता? साडेआठला?”

आत्या ‘हो’ म्हणाली असावी. ऐकू आलं नाही, कारण पोरं ‘अजून एक, अजून एक’ करत टाळ्या पिटत होती, मुख्य बाईही टाळ्या वाजवत होत्या, आणि आत्याने पुढचं गाणं धरलं होतं. मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. पण हात सोडता येत नव्हते.